उसनी चाल

मुलींच्या शाळेत नाटक बसवायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती पुरुषांची. राजा, पोलीस, वकील, सासरा, चोर, सगळे मुलींमधूनच काढावे लागतात, आणि नुसती मिशी चिकटवून कुणी पुरुष होत नाही हे पहिल्याच तालमीत कळतं. त्यामुळे सहावीच्या वर्गात सगळ्यांच्या डोक्यावरून जिला फळा दिसतो अशी एक मुलगी नाटकाच्या बाईंच्या नजरेला पडली, तेव्हाच तिचं भवितव्य ठरलं. ती सहावीत वकील झाली, सातवीत राजा, आठवीत दोनदा सासरा. एकदा झाडही झाली होती, पण ते उंचीमुळे नव्हे. झाड होणारी मुलगी ऐन वेळी गोवर येऊन घरी बसली म्हणून.

वर्गात तिला शिडी म्हणत. उंची होतीच, शिवाय तिचे वडील रंगारी होते, लोकांच्या घरांना रंग देणारे, आणि त्यांच्या दाराशी कायम एक शिडी उभी असे. एका दगडात दोन पक्षी मारणारी नावं ठेवण्यात शाळकरी मुलींचा हात कुणी धरू शकत नाही. शिडीला त्याचं वाईट वाटत नसे. एकदा तरी केस मोकळे सोडून, खाली मान घालून रंगमंचावर यावं असं मात्र तिला फार वाटे. ते एकदाही जमलं नाही.

त्या शाळेत नववीपासून नाटक हा रीतसर विषय म्हणून घेता येई. लेखी परीक्षा, प्रयोगाची परीक्षा, बाहेरून येणारे परीक्षक, सगळं यथासांग. शिडीनं घरी विषय काढला तेव्हा आईनं आधी हातातलं काम खाली ठेवलं.

"नाटकं शिकायला शाळेत कशाला जायला पाहिजे?" आई म्हणाली. "तुझ्या आत्याकडे चार दिवस राहा. फुकटात शिकशील."

आत्या म्हणजे वडिलांची बहीण, त्यामुळे हे वाक्य शिडीसाठी नव्हतं. वडील मोरीपाशी बसून ब्रश धूत होते. त्यांनी बहिणीचा विषय शिताफीनं बाजूला ठेवला. "घेऊ दे गं तिला," ते म्हणाले. "मी भूगोल घेतला होता. कुठं गेलो?"

असा तो विषय मिळाला.

नाटकाच्या बाई ठेंगण्या, आवाज बसलेला, पायात कायम कापडी बूट. त्यांचा अभ्यासक्रम पुस्तकात कमी आणि पायात जास्त होता. संवाद पाठ करणं त्यांच्या लेखी पोपटाचं काम. त्यांची खरी शिकवणी सुरू व्हायची ती चालीपासून. भूमिका वाटून झाल्या की प्रत्येकीनं रस्त्यावर जायचं, एक माणूस हेरायचं, आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवायची आणि त्याची चाल वर्गात घेऊन यायची. याला त्या शाळेत 'उसनी चाल' म्हणत. तिचे नियम होते. कुणाची आणली ते सांगायचं नाही, आणि बाईंनीसुद्धा विचारायचं नाही. प्रयोग झाला की चाल परत करायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती चाल चालत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, भिंतीला हात लावायचा आणि आपल्या स्वतःच्या पायांनी परत यायचं.

"हसू नका," बाई म्हणायच्या. "दुसऱ्याची गुडघेदुखी घेऊन घरी गेलात तर तुमच्या आयांना उत्तर मला द्यावं लागेल."

आणखी एक नियम होता. घरातलं माणूस आणायचं नाही. घरातल्या माणसाकडे आपण बघत नाही, असं बाईंचं म्हणणं. आपण ते आहे असं धरून चालतो.

मुली एकेक नग घेऊन यायच्या. कुणी बँकेचा पहारेकरी आणला, कुणी औषधाच्या दुकानातली बाई. चिमणी नावाची शिडीची मैत्रीण, जी प्रत्येक नाटकात तिची बायको व्हायची, तिनं एकदा थेट मुख्याध्यापिकांची चाल आणली. दुसऱ्या पावलाला सगळ्या वर्गानं ओळखली. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनीही ओळखली.

नववीच्या परीक्षेसाठी बाईंनी स्वतः एक छोटं नाटक लिहिलं होतं. एक म्हातारा घर सोडून जातोय. सामान निघालं, मुलं घाई करतायत, आणि हा रिकाम्या खोल्यांतून, जिन्यावरून, एकेक वस्तू खाली नेत हिंडतोय. म्हातारा अर्थातच शिडी. संवाद थोडे होते, चालणं भरपूर.

शिडी पंधरवडाभर रस्ते धुंडाळत होती. बसथांब्यावरचा एक म्हातारा तिनं धरला, तो नुसताच बसून राहायचा. चष्मेवाल्याकडचा एक धरला, तो फार टुणटुणीत निघाला. हाताला काही लागेना. मग एका संध्याकाळी ती घराच्या कठड्याशी उभी होती आणि खालून जिना चढून बाबा येत होते.

बाबा फार वर्षांपूर्वी कामावर फळीवरून पडले होते. हाड बसलं, पण आपल्या मर्जीनं बसलं. तेव्हापासून डावा पाय जरा बाहेर पडायचा आणि प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली जायचा. थोड्या पायऱ्या चढले की ते थांबत, बाजूच्या भिंतीला बोटांची टोकं टेकवत आणि भिंतीकडे मान तिरकी करून निरखून बघत. मग पुन्हा चढू लागत. घरात याची सगळ्यांना सवय होती. "आमच्या ह्यांना माणसं दिसत नाहीत," आई म्हणायची. "भिंती दिसतात." रंगारीच तो, भिंत दिसली की तपासणारच, असं शिडीही धरून चालली होती. त्या संध्याकाळी तिनं त्यांना पहिल्यांदा वरपर्यंत चढताना बघितलं आणि तिला म्हातारा सापडला.

नियम तिला माहीत होता. पण गरज पडली की नियमाला वाट काढणं कुणाला शिकवावं लागत नाही. कुणाची ते सांगायचं नाही, असाही नियम होताच की.

वर्गात तिनं ती चाल दाखवली तेव्हा मुली सरसावून बसल्या. खांदा, पाय, थांबणं, बोटं, सगळं जसंच्या तसं. बाईंनी दोनदा बघितलं.

"पाय चांगले आणलेस," त्या म्हणाल्या. "डोळे अजून तुझेच आहेत. तो भिंतीकडे बघतो. तू भिंतीकडे नुसतं तोंड करतेस."

त्यावर उपाय म्हणून शिडी भिंतीशी थांबली की मनातल्या मनात आकडे मोजू लागली. तीनपर्यंत मोजायचं आणि पुढं जायचं. लांबून ते बघितल्यासारखंच दिसे.

परीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रयोग पालकांना दाखवायची पद्धत होती. आई आली ती पुढच्या रांगेत बसली. बाबांचं एका मोठ्या घराचं काम चालू होतं, ते येणार नव्हते. नाटकात लाकडी पायऱ्यांचा जिना आणि त्याला लागून एक कापडी भिंत होती, बांबूच्या चौकटीवर ताणलेली, आणि ती मुलींनी बाबांकडच्या उरलेल्या रंगातून रंगवली होती. नाटकाशी त्यांचा एवढाच संबंध, असं शिडी समजत होती.

प्रयोग सुरू झाला. म्हातारा पहिल्यांदा थांबला, भिंतीला बोटं लावून तिच्याकडे बघू लागला, आणि सभागृहात हसू फुटलं. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा जास्त. घरात आवराआवर, मुलगा बोंब मारतोय, गाडी खाली उभी, आणि हा पठ्ठ्या भिंत तपासतोय. लोकांना ते भारी आवडलं. हसू मिळालं की नटाला पंख फुटतात. शिडीनं खांदा आणखी खाली टाकला.

तालमीत एकेक तुकडा व्हायचा. आज सगळा प्रवेश सलग होता आणि डोक्यावर खरी पेटी होती, चिमणीनं तीत हौसेनं वर्गातली पुस्तकं भरली होती. डाव्या बाजूवर भार टाकून वरखाली करता करता शिडीच्या कमरेतून एक कळ निघाली. पुढच्या पावलाला दुसरी. तिनं भिंतीला बोटं टेकली, तेव्हा ती नाटकात बसवलं होतं म्हणून टेकली नाहीत. भार भिंतीच्या बांबूवर गेला, कळ थांबली, जिवाला जरा बरं वाटलं. आणि लोक हसले.

तिला तेव्हा कळलं की बाबा भिंत तपासायला थांबत नाहीत.

तिनं मान वळवली. सभागृहाच्या मागच्या दाराशी, रंगाचे डाग पडलेल्या कामाच्या कपड्यांत, बाबा उभे होते. त्यांचा एक हात मागच्या भिंतीवर होता.

यानंतर जे झालं ते त्या शाळेत बरीच वर्षं सांगितलं जाई. म्हातारा ताठ झाला. पेटी काखेत मारून तो कवायतीला निघाल्यासारखा जिना उतरला. चिमणी बिचारी पाठ केलेलं बोलणार. ती म्हणाली, "अहो, पाय सांभाळा. तुमच्यानं आता होत नाही." लोक आधीपेक्षा मोठ्यानं हसले, पण ते हसू वेगळं होतं. पडद्याआडून बाई हातवारे करत राहिल्या. म्हातारा शेवटपर्यंत ठणठणीत राहिला.

घरी जाताना वाटेत आई एकदा म्हणाली की पेटी जड होती का गं. घर आलं, जिना आला. रोज जिथं ते थांबत तिथं ते थांबले नाहीत. एका दमात वर गेले, आणि वर जाऊन किल्ली लावताना त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्या दिवसापासून शिडीच्या देखत ते कधी जिन्यात थांबले नाहीत.

तिनं त्याचा सरळ अर्थ लावला. आपण बापाला चव्हाट्यावर आणलं, लोकांना हसवलं, आणि त्यांच्या ते जिव्हारी लागलं. तिला माफी मागायची होती. पण मागायची म्हणजे आधी सांगायला हवं की तो म्हातारा तुम्ही होता, आणि त्यांनी ओळखलंच नसेल तर? असं करता करता दिवस गेले. न बोललेली गोष्ट घरात पडून राहिली की तिच्याभोवती सामान रचलं जातं, मग ती हलवायची म्हणजे सगळं घर हलवावं लागतं.

त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर तिनं बसथांब्यावरचा म्हातारा केला, जो नुसता बसायचा. गुण जेमतेम पडले. चाल परत करायच्या दिवशी एकेक मुलगी भिंतीला हात लावून आली. शिडीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "विसरले बाई."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना बहुधा सगळं कळलं असावं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण ती तुझ्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव."

दहावीला ती पुन्हा भूमिकेला उभी राहिली नाही. पडदा ओढायचं काम तिनं मागून घेतलं. एवढी उंच मुलगी पडद्यामागे, आणि पोलिसाच्या भूमिकेत दीडवितीची पोर! बाईंनी दोनदा समजावलं आणि सोडून दिलं.

शाळा सुटली, नाटकही सुटलं. पुढं शिडी जे शिकली त्याला फिजिओथेरपी म्हणतात. आई शेजारणींना सांगे, "ती व्यायाम करून घेते लोकांकडून. स्वतः करत नाही." एका मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. हाड मोडलेली, सांधे बदललेली, अर्धं अंग गेलेली माणसं पुन्हा चालायला लावायची, हे तिचं काम. त्यात तिचं नाव झालं. माणूस दारातून आत येईपर्यंत तिला कळायचं की त्याला कुठं दुखतंय आणि तो काय लपवतोय. सोबतच्या लोकांना त्याचं नवल वाटे. तिनं कुणाला सांगितलं नाही की हे आपण नववीतच शिकलो. लग्न झालं, मुलगा झाला, त्याला मात्र ती शाळेच्या नाटकात जाऊ देई आणि पहिल्या रांगेत बसून सगळं नाटक बघे.

बाबांचं दुखणं वाढत गेलं. ती दर भेटीत म्हणायची, खुब्याचा सांधा बदलून घ्या. ते म्हणायचे, सवय झालीये. तिच्यासमोर ते जितकं सरळ चालता येईल तितकं सरळ चालायचे, आणि सरळ चालताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. परक्या माणसाला तिनं एका मिनिटात सुनावलं असतं. इथं तिची जीभ उचलत नसे.

शेवटी एक दिवस पायानं साफ नकार दिला आणि तिच्याच दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या व्यायामासाठी दवाखान्यानं दुसऱ्या एका मुलाची नेमणूक केली. बाबांनी त्याला दोन दिवस सहन केलं. "मला आमचीच पाहिजे," ते म्हणाले. "हा फार गोड बोलतो."

मग तीच त्यांना चालवू लागली. आधी वॉकरच्या चौकटीला धरून, मग काठीनं, मग एके दुपारी काठीशिवाय. दवाखान्यातला लांबलचक बोळ होता, खाली फरशी, एका बाजूला बाकं. बाबा टोकापर्यंत गेले आणि परत आले. पाय सरळ पडत होता. खांदा जागेवर होता. ते बाकावर बसले आणि आपल्याच पायांकडे संशयानं बघू लागले.

"कोण चालतंय हे?" ते म्हणाले.

"दुखतंय?"

"नाही. दुखत नाही. ओळख पटत नाही एवढंच." त्यांनी मांडीवरून हात फिरवला. "म्हणजे माझी ती जुनी चाल गेली म्हणायची."

ती काठीचं रबर तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुझ्याकडे आहे ना ती?" बाबा म्हणाले.

हे कधीतरी निघेल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण ते असं भर दुपारी, बाकावर बसून निघेल असं वाटलं नव्हतं. "तुम्हाला कळलं होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या पावलाला. मी आपला मागं उभा, आणि समोर मीच जिना चढतोय. शेजारच्या माणसाला सांगणार होतो, अहो, तो मी आहे."

"लोक हसत होते, बाबा."

"हसणारच. आहेच ते गमतीचं. मी कामाला जायचो तिथली पोरं माझ्या मागं तशीच चालायची. पण ती नुसती लंगडायची. तू थांबलीस. भिंतीला बोटं लावलीस. मला वाटलं, बघितलंय हिनं आपल्याला. घरात कुणीतरी बघितलंय." त्यांनी नवा पाय जरा लांब केला. "मग तुझं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तू ताठ झालीस. म्हटलं, पोरीला लाज वाटली. मी कामाच्या कपड्यांवर आलो होतो. बदलून यायला हवं होतं."

काठी तिच्या हातातच राहिली. "लाज कसली, बाबा!" ती म्हणाली. "मला तेव्हा कळलं की तुम्ही दुखतं म्हणून थांबता. मी आपली समजत होते, भिंत बघता. तुमचं दुखणं मी चारचौघांत मांडलं होतं आणि लोक हसत होते. मला वाटलं, तुम्हाला लागलं."

"दुखायचंच. म्हणून तर थांबायचो," बाबा म्हणाले. "पण थांबल्यावर करायचं काय? भिंत बघायचो."

"मग जिन्यात थांबायचं का सोडलंत?"

"तुला लाज वाटते म्हटल्यावर कसा थांबणार?"

तिच्या डोळ्यांपुढं ते सगळे जिने आले, एका दमात चढलेले. तिला रडू फुटलं. दवाखान्याच्या पोशाखात, भर बोळात, रोग्यांच्या देखत ती रडली, आणि बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. एक परिचारिका थबकली, काय झालं म्हणाली. "काही नाही," बाबांनी सांगितलं. "मला चालता येतंय म्हणून."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता दाखव."

"काय?"

"चाल. त्या दिवशी अर्धी राहिली. मला बघायचीये."

"इथं?"

"मग काय पडदा लावू?"

तिनं काठी बाकाला टेकवली आणि उठली. आता तिचं वय तेव्हाच्या बाबांच्या आसपास होतं आणि म्हातारा करायला पूर्वीइतकी मेहनत पडणार नव्हती. तिनं डावं पाऊल बाहेर टाकलं, खांदा खाली गेला. दोन रोगी आपला व्यायाम सोडून बघू लागले. एकजण हसला. ती चालत राहिली. थोडं गेल्यावर थांबली आणि भिंतीला बोटं टेकवली.

इथं ती तीनपर्यंत मोजायची. आज मोजायचं राहून गेलं. भिंत समोर होती, म्हणून तिनं भिंत बघितली. वर्षानुवर्षं ती या बोळातून दिवसाला पन्नास वेळा जात होती, आणि भिंत फिकट हिरवी आहे यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं. ब्रशचे पट्टे स्पष्ट दिसत होते. एका ठिकाणी रंग गोळा होऊन तसाच वाळला होता.

"बाबा," ती तिथूनच म्हणाली, "इथं पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलाय."

"मग!" बाबा बाकावरून ओरडले. "पहिल्या दिवशीच बघितलं मी. आणि तुमच्या नाटकातली ती भिंत तर विचारूच नकोस. माझा रंग फुकट घालवलात."

ती पुढं निघाली. बोळाच्या टोकाला जाऊन तिनं शेवटच्या भिंतीला हात लावला आणि वळली. इथून आपल्या पायांनी परत यायचं, हा नियम तिच्या अजून लक्षात होता. ती सरळ झाली.

"अगं, पुन्हा ताठ काय होतेस?" बाबा म्हणाले. "तशीच ये."

मग ती तशीच परत आली, डावा खांदा खाली टाकत, आणि वाटेत दोनदा थांबली.